चप्पल निसटली, कळलंच नाही

आजचा भाग चालण्यावर आहे. रोज किती पावलं चालायची ते मी सांगणार नाही, त्यासाठी तुमचा फोन आहे. मला बोलायचंय ते पाऊल पडतं कसं, आणि तळव्याला काही जाणवेनासं झालं की काय होतं, यावर. मुंबईपुरती ही गोष्ट सुरू होते वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयापासून.

१८९० साली हॅरी ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर भीक मागणाऱ्या, घरदार नसलेल्या कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी माटुंग्याला आश्रम काढला. तेच आजचं हे रुग्णालय. (हेच ते ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. साहेब रसिक होता बरं का.) रोगाचा जंतू तोवर सापडला होता, नॉर्वेच्या हॅन्सनला, १८७३ मध्ये. पण बोटं का झडतात, तळव्याला भोकं का पडतात, याचं उत्तर सगळीकडे एकच: रोगाने मांस सडतं. आपल्याकडे त्यावर आणखी एक जोड, मागच्या जन्मीचं पाप.

हे उत्तर चुकीचं ठरायला पुढची पन्नासहून जास्त वर्षं गेली. १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरला आले. त्यांनी पाहिलं की पायाला प्लास्टर घालून आराम दिला, तर याच 'सडक्या' पायाच्या जखमा चांगल्या भरून येतात. म्हणजे मांस ठीक होतं, मेल्या होत्या त्या नसा. माणूस चपलेतल्या खिळ्यावर दिवसभर चालायचा आणि त्याला पत्ता नसायचा.

ब्रँडनी स्वतःचा एक अनुभव लिहून ठेवलाय. इंग्लंडमध्ये लांबच्या रेल्वे प्रवासानंतर रात्री मोजा काढला, तर टाच बधिर. टाचणी टोचली, काही नाही. आपल्यालाच कुष्ठरोग झाला, असं समजून रात्र काढली. सकाळी पुन्हा टोचली आणि कळवळून ओरडले! बसून बसून नस दबली होती, एवढंच. दुखलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस विरळाच.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं पावलांचं निरीक्षण. तुम्ही-आम्ही बरंच अंतर चाललो की तळव्याचा एखादा भाग हुळहुळायला लागतो. आपलं लक्षही नसतं, पण पाऊल बदलतं: भार थोडा बाहेरच्या कडेवर जातो, टाच हलकी टेकते, मग पुन्हा दुसरीकडे. तळवा आपला भार आळीपाळीने वाटून घेतो. बधिर पायाचं तसं नाही. पहिलं पाऊल जसं पडलं तसंच शेवटचं, भार त्याच जागी. दाब फार नसतो, पण हजारो वेळा एकाच ठिकाणी आला की आतलं मांस सुजतं, फुटतं. जखम झाली तरी माणूस लंगडत नाही. लंगडणं हीसुद्धा एक सोय आहे, हे मला हे वाचेपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

उपाय मग साधे निघाले. मऊ रबराच्या, खिळे न मारलेल्या चपला. रोज रात्री तळवे तपासणं. आपल्या जे.जे.मध्ये डॉ. नोशिर अंतियांसारख्या प्लास्टिक सर्जननी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे ऐंशीच्या दशकात एकत्रित औषधं आली आणि रोग बरा व्हायला लागला. मेलेली नस मात्र औषधाने परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. पण मधुमेह नेमकं हेच करतो. आमच्या फणसवाडीतले एक काका, वीस वर्षं शुगर. मे महिन्यात देवळाबाहेरच्या तापलेल्या लादीवर आम्ही पोरं टुणटुण उड्या मारत जायचो, काका मात्र शांतपणे चालत जायचे. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती! मग एकदा भुलेश्वरहून भाजी घेऊन आले ते एकाच चपलेत. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्यांना कळलं नव्हतं. काकू आधी हसल्या. मग त्यांनी तळवा उलटा करून पाहिला, तर अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा घेतला. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, म्हणजे १० ग्रॅमचा भार पडतो. काकांनी डोळे मिटायचे आणि लागला की "हो" म्हणायचं. मिनिटभर खोलीत कुणीच काही बोललं नाही. काका वाट बघत होते, डॉक्टरांनी सुरुवात कधी करायची याची.

अंगठा वाचला. घरात जर कुणाला शुगर असेल, तर ही तपासणी वर्षातून एकदा तरी मागून घ्या. काका आता घरातही चप्पल घालतात, पायात सरकवण्याआधी ती झटकतात. आणि वाकणं जमत नाही म्हणून त्यांची नात रोज रात्री फोनचा टॉर्च लावून त्यांचे तळवे बघते.