विजेवरची स्वस्त दुचाकी : आधी रस्ता पाहावा, मग किंमत

बीड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर त्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेकडे गेवराई-माजलगावचा गोदाकाठचा सखल, सपाट पट्टा. दक्षिणेकडे बालाघाटच्या रांगा आणि त्यांवरील पठार. बीड शहर या दोहोंच्या सीमेवर, बिंदुसरेच्या काठी वसले आहे. शहरातून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि तो चढूनच नेकनूर, केजचा रस्ता धरावा लागतो. धारूर-तेलगाव रस्त्यावर घाट आहे, अंबाजोगाईहून परळीला उतरतानाही घाट आहे. पेट्रोलच्या दुचाकीस्वाराला या चढांचा फारसा विचार करावा लागत नाही. विजेवरची दुचाकी घेणाऱ्याला मात्र पहिला विचार त्यांचाच करावा लागतो. आणि नेमका तोच दुकानात कोणी बोलून दाखवत नाही.

बाजारात स्वस्त म्हणून जी वाहने दाखवली जातात ती बहुधा मंदगती वर्गातील असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, व ज्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणपत्र दिले आहे, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी नको, वाहन परवाना नको, सक्तीचा विमाही नको. साठ हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या गाड्या शहरापुरत्या वाईट नाहीत. सुभाष रोडवरील दुकानदार, शिकवणीला जाणारी मुले, निवृत्त गृहस्थ यांचे दिवसाचे दहा-बारा किलोमीटर त्यांवर सुखाने होतात.

घाटात मात्र गणित बदलते. गाडी आणि स्वार मिळून दीडशे किलो वजन धरले आणि शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरला, तर २५० वॅटची मोटर त्या वजनाला ताशी जेमतेम नऊ-दहा किलोमीटर वेगाने वर नेऊ शकते. मागे कोणी बसले तर त्याहून कमी. मोटर काही वेळ ठरलेल्या शक्तीपेक्षा जास्त जोर लावते हे खरे, पण त्या वेळी ती तापते, नियंत्रकही तापतो. महामार्गावर मागून भरधाव ट्रक येत असताना या वेगाने चढणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर काही ठिकाणी एक ‘उपाय’ सुचवला जातो. एक वायर काढून किंवा नियंत्रक बदलून पंचवीसची गाडी पंचेचाळीसने पळवून दिली जाते. असे केले की ती कायद्याने मोटार वाहन होते. तिची नोंदणी नसते, विमा नसतो आणि अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा सगळा भार मालकावर येतो. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा बेकायदा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही उघडली होती. विक्रेत्याने तोंडी दिलेले ‘काही होत नाही’ हे आश्वासन तेथे कामी येत नाही.

म्हणून रोज गावाबाहेर जाणाऱ्या शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक यांनी नोंदणीकृत गाडीचाच विचार करावा. बीडला एमएच २३ आणि अंबाजोगाईला एमएच ४४ या क्रमांकाने, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तिची नोंदणी होते. किंमत साधारण लाखाच्या अलीकडे-पलीकडे जाते.

गाडी किती धावेल, याचे उत्तर जाहिरातीत न शोधता बॅटरीवर शोधावे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास भागिले हजार, म्हणजे किलोवॅट-तास. ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तासाची बॅटरी १.८ किलोवॅट-तासांची झाली. किलोमीटरला तीस वॅट-तास खर्च धरला तर ती साठ किलोमीटर नेईल; वेग वाढवला, दोघे बसले, समोरून वारा असला की त्याहून कमी. प्रमाणपत्रावरील पल्ला चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. रस्त्यावर त्याचा सत्तर टक्के मिळाला तरी समाधान मानावे. शिवाय बॅटरी वयाबरोबर क्षीण होते. बीडहून गेवराई जाऊन-येऊन सुमारे सत्तर किलोमीटर पडते. तेवढ्यासाठी कागदावर सव्वाशे किलोमीटरचा पल्ला असलेली गाडीच चार वर्षांनीही घरी परत आणील.

स्वस्त गाडीची खरी किंमत बॅटरीतच दडलेली असते. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा संच तीस किलोंच्या वर भरतो आणि रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत बदलावा लागतो. लिथियममधील एलएफपी प्रकार उष्णता तुलनेने चांगली सोसतो आणि हजारांहून अधिक वेळा चार्ज होतो. बीडचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही बाब गौण नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवरील दुचाकींना आगी लागल्या. पुण्यात लोहगावलाही मार्च महिन्यात अशी घटना घडली. त्यानंतर ‘एआयएस १५६’ हे बॅटरी सुरक्षेचे मानक कडक करण्यात आले व डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. गाडी त्या मानकाची आहे का, हे लेखी विचारावे. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी चार्जिंग लावू नये. उन्हातून आल्यावर गाडी निवू द्यावी.

विजेचा खर्च किरकोळ आहे, पण फुकट नाही. दिवसाला वीस किलोमीटरप्रमाणे महिन्याला पाचशे किलोमीटर धरले तर चार्जरमधील तूट जमेस धरून अठरा युनिटच्या आसपास वीज लागते. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर दर एकदम चढतो. ज्यांचे बिल त्या उंबरठ्यावर आहे त्यांना ही वीज वरच्या दराने पडेल. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याचा खर्च सव्वादोनशेच्या आत राहतो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी अकरा लिटर पेट्रोल लागते.

अनुदानावर मदार ठेवू नये. केंद्राची ‘फेम-२’ योजना मार्च २०२४ मध्ये संपली. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये दुचाकीसाठी किलोवॅट-तासाला पाच हजार रुपये होते, ते दुसऱ्या वर्षी अडीच हजारांवर आले. मंदगती, विनानोंदणी गाड्यांना यातील काहीच लाभ नव्हता.

अखेरचा आणि कदाचित सर्वांत निर्णायक प्रश्न दुरुस्तीचा. २००६ च्या सुमारास आलेल्या ‘यो बाइक’चा एके काळी बराच गाजावाजा झाला होता, पुढे ती रस्त्यांवर दिसेनाशी झाली. या क्षेत्रात एके काळी अग्रेसर असलेली हिरो इलेक्ट्रिक कंपनीही डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत आली की नियंत्रक, चार्जर यांसारखे सुटे भाग मिळणे दुरापास्त होते, आणि हे काम चौकातील मिस्त्रीच्या हातचे नसते. दुरुस्ती केंद्र बीडमध्ये आहे की छत्रपती संभाजीनगरला गाडी टेम्पोत घालून न्यावी लागेल, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. चाचणीची फेरी दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर न घेता मागे माणूस बसवून रोजच्या चढावर घ्यावी. बिलावर बॅटरीचा क्रमांक, हमीची वर्षे आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की ती बदलून मिळेल, तो आकडाही त्यातच असावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे निकामी लिथियम बॅटरी भंगारवाल्याला न विकता विक्रेत्याकडेच जमा करावी.