जुन्या गाडीचा खडखडाट: अख्खा आर्म घेण्याआधी बुश बघा

जुनी अल्टो किंवा मारुती ८०० खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट-खट’ वाजते, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, टायर एकीकडूनच घासतो. बऱ्याचदा शॉकअप गेले समजून खर्च केला जातो आणि आवाज तसाच राहतो. दोष लोअर आर्मच्या रबरी बुशचा असू शकतो.

गाडी जॅकवर उचला, खाली घोडी लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका) आणि आर्मजवळ टॉमी घालून हलवून बघा. रबर फाटलंय किंवा लोखंडापासून सुटलंय, तर बुश गेला. स्टॅबिलायझर बारचे बुशही तेव्हाच बघून घ्या.

अख्ख्या आर्मपेक्षा नुसता बुश बराच स्वस्त पडतो. आर्म खोलून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्या. घण मारून काढू देऊ नका, आर्म वाकतो. बसवताना साबणाचं पाणी चालतं. ऑइल-ग्रीस नको, रबर खराब होतं. दोन्ही बाजू एकदमच बदला. मात्र बॉल जॉइंट आर्मलाच जोडलेला असेल आणि तोही ढिला झाला असेल, तर पूर्ण आर्मच परवडतो.

खरी चूक पुढे होते. चाक लटकत असतानाच बोल्ट फुल टाइट करतात. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा. फिटर घाईत असेल तर समोर उभं राहून करून घ्या. नंतर अलाइनमेंट.