काट्याजवळची खुर्ची : वऱ्हाडच्या कापूस बाजाराची गोष्ट

आज आपण जाणार आहोत वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याकडे. विषय आहे व्यापाऱ्यांच्या संघटना आणि गावाचा विकास. ऐकायला कोरडा वाटतो, मान्य. पण यात कापूस आहे, दुष्काळ आहे आणि एक साधा प्रश्न आहे. बाजाराचे नियम ठरवणाऱ्या टेबलाभोवती खुर्ची कोणाला मिळते?

सुरुवात करू १८५३ पासून. निजामावर कंपनी सरकारची मोठी थकबाकी होती. फौजेच्या त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. इथली काळी जमीन कापसाला एकदम योग्य. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या पराटीवर आली. भाव चढले. मग रेल्वे आली. मुंबईकडून निघालेला रूळ अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगाव मेन लाइनवर नव्हतं, म्हणून जलंबहून खास फाटा टाकला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय! यावरून कापसाचं वजन किती होतं ते समजून घ्या.

आता बाजारात आत शिरू. शेतकरी बैलगाडी भरून यायचा. समोर अडत्या, दलाल, मापारी, हमाल. त्या काळी देशभरातल्या बाजारांत एक पद्धत सर्रास होती. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा नाही. वर कट्टी, धर्मादाय, नमुना अशा नावांनी थोडं थोडं कापायचं. प्रत्येक कपात छोटी. पण गाडी रिकामी होईपर्यंत हिशेब कुठल्या कुठे जायचा.

यावर वऱ्हाडात एक वेगळी गोष्ट झाली. १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मग १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल-मापाऱ्यांना परवाना, ठरलेली फी आणि बाजार चालवायला एक समिती. आज गावोगावी आपण जी बाजार समिती बघतो, तिची पणजी ही. पुढे १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदाही याच वाटेने गेला.

पण त्या समितीत बसायचं कोण? बहुतेक खुर्च्या व्यापाऱ्यांच्या. माल शेतकऱ्याचा, पण त्याच्या काट्याचे नियम विकत घेणारा ठरवणार. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडची पद्धत वाखाणली. पण शेतकऱ्यांना पुरेसं प्रतिनिधित्व नाही, यावर नेमकं बोटही ठेवलं.

आता १८९७ हे साल जरा जवळून बघू. कारण त्या एका वर्षात वऱ्हाडात तीन गोष्टी घडल्या.

एक, हा बाजार कायदा.

दोन, दुष्काळ. १८९६-९७ चा, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा त्याहून भयंकर. जिथे ज्वारी पिकायची, तिथल्या बऱ्याच शेतांत आता पराटी होती. कापूस खाता येत नाही. पैसा हातात असला तर धान्य विकत घेता येतं, पण तो सावकाराकडे गेलेला. जनगणना काय सांगते? १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या जवळपास २९ लाख, १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाख. ज्या मुलखाचा कापूस जगभर जात होता, तिथली माणसं कमी झाली. आज आपण 'शाश्वत विकास' म्हणतो ना, त्यातला पहिला धडा इथे आहे. नुसता बाजार वाढला म्हणजे मुलूख सावरला असं होत नाही.

तीन, डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. आणि त्या मंडळींत अमरावतीचे एक वकील होते, रंगनाथ नरसिंह मुधोळकर. यांची गोष्ट कमी सांगितली जाते.

मुधोळकरांसमोरचा प्रश्न साधा होता. सरकी काढून गाठी बांधायच्या, मुंबईला पाठवायच्या आणि तिकडून कापड होऊन आलं की ते विकत घ्यायचं. मधली सगळी कमाई बाहेर. हे किती दिवस चालायचं? १९०५ मध्ये बनारसला भारतीय औद्योगिक परिषद सुरू झाली. तिचे सरचिटणीस मुधोळकर आणि कचेरी कुठे? मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही. अमरावतीत! देशभरच्या देशी उद्योगांची माहिती गोळा करणं, तांत्रिक शिक्षणाची मागणी लावून धरणं, अहवाल छापणं, हे काम या गावातून चालायचं. पुढे १९१२ मध्ये मुधोळकर काँग्रेसचे अध्यक्षही झाले.

व्यापारी संघटनेचं काम नक्की काय असावं, हे इथून कळतं. आपल्या सभासदांचा भाव सांभाळणं हे झालंच. पण मुलखात कोणता उद्योग उभा राहील, पोरांना कोणतं कसब शिकवावं लागेल, याचा विचारही कोणीतरी करायला हवा. अकोल्यातलं विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री असो की दुसरी कुठली संस्था, त्यांना तोलायचा काटा हाच.

आणि शेतकऱ्याची खुर्ची? १८९८ मध्ये पापळ गावात पंजाबराव देशमुख जन्मले. त्यांनी शेतकरी संघ उभारला, कर्जबाजारीपणावर कायद्याचा मार्ग शोधला आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. १९६३ च्या राज्याच्या कायद्याने बाजार समित्यांवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने आले. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजनाही राबवली गेली. सरकारच एकमेव गिऱ्हाईक. आधी हमीचा आधार, मग उशिरा मिळणारे चुकारे आणि तोटा. २००२ नंतर ती गुंडाळली गेली. म्हणजे व्यापाऱ्याची मक्तेदारी वाईट आणि सरकारची चांगली, असंही सरळ गणित नाही.

आज अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योग वसाहत आहे. २०२३ मध्ये अमरावतीला पीएम मित्र टेक्स्टाईल पार्क जाहीर झालं, सुमारे एक हजार एकरांचं. मुधोळकरांचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी पुन्हा टेबलावर आलाय. यावेळी सोबत नवे प्रश्नही आहेत. कपडा रंगवायला पाणी लागतं, आणि इथे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीचं पाणी पिण्याजोगंही नसतं. रंगाचं सांडपाणी जाणार कुठे? कोरडवाहू पराटीवाल्याला त्या पार्कमधून काय मिळणार?

तुम्ही अमरावती-अकोल्याचे असाल तर एक काम करा. तुमच्या बाजार समितीवर कोण निवडून आलंय, चेंबरच्या बैठकीत पाण्याचा विषय निघतो का, एवढं विचारून बघा. 'काहून विचारता बाप्पा?' असं कोणी म्हटलं, तर १८९७ ची गोष्ट सांगा. तेव्हा टेबलाभोवती शेतकरी नव्हता, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्यांनीच ठरवलं.

भेटू पुढच्या भागात.