पाचवीची रात्र आणि बाळाचं घर

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या खोलीचं वर्णन आहे. खोलीत अंधार नसावा, वारा अंगावर येऊ नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी, उंदीर-पतंग शिरू नयेत. मळलेले कपडे शक्यतो टाकून द्यावेत, नाहीतर धुऊन, धुरी देऊन, नीट वाळवून वापरावेत. खेळणी टोकदार नसावीत आणि तोंडात शिरतील एवढी लहानही नसावीत. अर्थात ग्रंथात लिहिलं म्हणजे घरोघरी तसंच होतं, असं नाही; एवढी सोय सधन घरालाच परवडणारी. पण आपल्याकडची बाळंतिणीची खोली या वर्णनाच्या अगदी उलट झाली, हे लक्षात घ्यायला हवं. घरातली सर्वांत अंधारी खोली, बंद खिडकी, बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, आणि दहा दिवसांचं सोयर.

या खोलीला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. सोयरामुळे बाळाला हाताळणारी माणसं कमी होत, बाळंतिणीला कामातून सुटका मिळे, शेगडीमुळे बाळाला ऊब मिळे. भीतीची वेळही घरांनी अचूक हेरली होती. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, उशाशी विळा ठेवायचा, रात्र जागवायची आणि सटवाई नशीब लिहील म्हणून कोरा कागद मांडायचा. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. चांगलं दूध ओढणारं बाळ अचानक ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. पाचवीचा विधी याच आजारामुळे सुरू झाला, असा दावा करता येणार नाही; पण पहिला आठवडा घातकी असतो, हा त्यामागचा अनुभव खरा होता. चुकली ती धोक्याची वाट. पहारा दाराशी होता आणि जंतू नाळेतून शिरत होते. नाळ न उकळलेल्या विळ्याने कापली जाई, तिच्यावर राख किंवा शेण लावलं जाई. दोष एकट्या सुइणीचा नव्हता. धनुर्वाताचा जंतू शास्त्रज्ञ किटासाटो यांनी वेगळा काढला तोच १८८९ साली.

मग प्रसूती दवाखान्यात नेली की प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. दवाखान्याचं मोल मोठं आहेच. गरोदरपणातली लस, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळेच २०१५ साली भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. पण दवाखान्यातून बाळ लवकरच घरी येतं, आणि जंतुसंसर्ग, थंडी, अपुरं दूध हे धोके त्याला तिथेच गाठतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हेच ओळखलं. गावातल्याच शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळाचं वजन करायला, त्याला उबदार ठेवायला, जंतुदोषाची लक्षणं ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या बायकांच्या हाती सुई देऊ नये, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्याला या आकड्यांनी उत्तर दिलं. २०११पासून देशभर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळ तपासू लागल्या.

म्हणून आजच्या घरांनी जुन्या खोलीतली विश्रांती, ऊब आणि मोजकी माणसं जरूर ठेवावीत. धूर, अंधार आणि नाळेवरचे लेप मात्र कायमचे सोडावेत. आशाताई दारात आल्या, तर सोयर आहे म्हणून त्यांना परत पाठवू नका. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, आणि बाळाने दूध सोडलं तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.