घाम आणि तेल : एकाच त्वचेतील दोन निराळ्या ग्रंथी

वैशाखात मालवण तालुक्यातील कट्टा परिसरात उन्हापेक्षा दमटपणाच अधिक छळतो. पारा विदर्भाच्या तुलनेत बराच खाली असतो, तरी अंगाला घामाच्या धारा लागतात, चेहरा तेलकट होतो, पाठीवर पुरळ उठते. या साऱ्याला आपण ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्वचेवरील तेल आणि घाम यांचा उगम, प्रयोजन आणि नियंत्रण अगदी भिन्न आहे. हा फरक ध्यानात न आल्याने पुष्कळदा उपचारही उलटे होतात.

बहुतेक तैलग्रंथी रोमकूपाला जोडलेल्या असतात. चेहरा, टाळू, छाती व पाठ येथे त्या दाट असतात. तळहात आणि तळपाय यांवर मात्र त्या नसतातच. या ग्रंथींतील पेशी स्निग्ध द्रव्याने भरून अखेर फुटतात आणि ते द्रव्य, म्हणजेच सीबम, केसालगत त्वचेवर येते. त्वचा व केस मऊ राखणे हे त्याचे काम. त्याची सूत्रे संप्रेरकांच्या हाती असतात. म्हणूनच बालपणी या ग्रंथी सुस्त असतात आणि पौगंडावस्थेत एकाएकी जाग्या होतात.

घर्मग्रंथींची गोष्ट वेगळी. त्यांची संख्या वीस ते चाळीस लाख असून तळहात-तळपायांवर त्या सर्वांत दाट असतात. त्वचेच्या खोल थरातील वेटोळ्यात घाम तयार होतो व नलिकेवाटे थेट पृष्ठभागावर येतो. वाटेत नलिका बरेचसे मीठ परत शोषून घेते. येथे हुकूम चालतो तो मज्जासंस्थेचा. त्यामुळे परीक्षेच्या धास्तीनेही हात ओले होतात. काखेतील व जांघेतील दुसऱ्या प्रकारच्या घर्मग्रंथी मात्र रोमकूपात उघडतात आणि वयात आल्यावरच कार्यरत होतात. त्यांच्या स्रावाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. दुर्गंधी निर्माण करतात ते जिवाणू.

रोमकूप मृत पेशी व सीबमने तुंबला की मुरुम होतो; घामाची नलिका तुंबली की घामोळे. घामोळ्यावर गारवा, सैल सुती कपडे व कोरडी त्वचा हाच मुख्य उपाय. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या घामोळ्यावरही खोबरेल चोळण्याची हौस दांडगी. त्याने तुंबलेली नलिका मोकळी होत नाही. उलट मुरुमांसाठी चेहरा दहा वेळा साबणाने धुतल्याने ग्रंथीचे काम थांबत नाही, त्वचा तेवढी चुरचुरते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी तर मुरुम वाढूही शकतात.

घर्मग्रंथींचे अपयश याहून गंभीर. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नुसता ओघळला, तर शरीर फारसे थंड होत नाही. दमट किनारपट्टीवरील धोका नेमका हाच. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा झाला. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. अंग तापून माणूस बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर घाम येत असो वा थांबलेला असो, त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.