पंखानियंत्रण, लॅपटॉपचे (लिनक्सवर)

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्याचा वेग पाहणे व गरजेप्रमाणे बदलणे. एरवी हे काम मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर परस्पर करतो. कर्नलची ‘एचडब्ल्यूमॉन’ यंत्रणा संवेदकांचे आकडे फाइलींतून दाखवते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात असते, म्हणजे ६२००० हे ६२° से. ‘एलएम-सेन्सर्स’ संचातील ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तेच आकडे, पंख्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांसह, वाचण्याजोगे करून देते. वेग सहसा ० ते २५५ या पीडब्ल्यूएम (स्पंदरुंदी नियमन) मूल्याने ठरतो व ‘फॅनकंट्रोल’ हा प्रोग्राम तो तापमानानुसार बदलतो. पण पुष्कळ लॅपटॉप ही मुभा देतच नाहीत. थिंकपॅड लॅपटॉप त्यामानाने उदार. त्यात ० ते ७ पातळ्या मिळतात, मात्र ‘थिंकपॅड-एसीपीआय’ मॉड्यूलला नियंत्रणाची परवानगी आधी द्यावी लागते.

पंख्याची मांडणी ठरवताना भोवतालची हवाही पाहावी. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो, गडचिरोलीतही उन्हाळा कडकच. पंखा कितीही फिरला तरी प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. त्यामुळे आवाज कमी राहावा म्हणून पंखा उशिरा सुरू करणारी मांडणी येथे धोक्याची. फेऱ्या पूर्ण असूनही तापमान चढत असेल, तर सेटिंग चाळत बसण्याआधी जाळीतली धूळ काढावी. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या पट्ट्यात ती लवकर साचते.