मळी, मोटारसायकल आणि पाणी : पेट्रोलमधील इथेनॉलचा सोलापुरी इतिहास

१/ थंड देशांत हिवाळा लागला की मोटारसायकल झाकून ठेवतात आणि टाकीतल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलची काळजी सुरू होते. सोलापूर जिल्ह्यात त्याच महिन्यांत उसाचे गळीत ऐन भरात असते. या इंधनाचा इतिहास सोलापुरातून पाहिला, तर तो बराचसा पाण्याचा इतिहास आहे.

२/ सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. १९२८ मध्ये भाटघरचे धरण पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्याचे रूप पालटले. सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये स्वतःचा साखर कारखाना स्थापला; त्यातूनच माळीनगर वसले. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली. तिचा कारखाना जवळच श्रीपूरला उभा राहिला.

३/ १९३२ मध्येच परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली होती. काही वर्षांतच देशातील कारखाने शंभरापुढे गेले. साखरेला गिऱ्हाईक होते, पण मागे उरणाऱ्या मळीचे करायचे काय? मळी आंबवून मद्यार्क काढता येतो आणि तो इंजिनात जळतो. फ्रान्सने १९२३ मध्ये, तर ब्राझीलने १९३१ मध्ये पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचे कायदे केले होते.

४/ स्वतंत्र भारतानेही १९४८ मध्ये ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला. पुढे १९५४-५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि पेट्रोल सहज मिळू लागले. मळीचा मद्यार्क दारू आणि रसायन उद्योगांकडे वळला. कायदा कागदावर राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला.

५/ लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, तीच कल्पना नव्याने आली. प्रायोगिक मिश्रणासाठी देशात तीन ठिकाणे निवडली गेली. त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना लागू झाली. मग दुष्काळाने ऊस घटला, मळीची टंचाई झाली आणि २००४ मध्ये मिश्रणाची अट शिथिल करावी लागली.

६/ २०१८ च्या जैवइंधन धोरणाने योजनेला वेग दिला. २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. मधेच पावसाने ओढ दिली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवडाभरात ती अंशतः सैल केली. दोन्ही वेळा अडचण एकच होती : शेतात पाणी नव्हते.

७/ टाकीतली अडचण उलट आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क सुमारे ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतो. उरलेले पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढावे लागते. असे कोरडे केलेले इथेनॉल हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते.

८/ सोलापुरात बर्फ पडत नाही. इथे धोका पावसाळ्यातला. घरचे लोक पुण्या-मुंबईला गेले की दारातली गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. लोखंडी टाकी गंजते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट थराने बुजतात. २० टक्के मिश्रण गृहीत धरून बनवलेल्या गाड्या २०२३ पासून आल्या. त्याआधीच्या गाड्यांना जपावे लागते.

९/ उपाय साधे आहेत. गाडी दीर्घकाळ उभी करताना टाकी ताज्या पेट्रोलने भरून ठेवावी. रिकामी जागा कमी, म्हणजे दमट हवा कमी. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. झाकणाचे रबर तपासावे.

१०/ १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठी उसाचे राज्य पसरले. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वाधिक. ज्या उजनीवर हा ऊस पोसला जातो, तिच्यावरच काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापूर शहराची तहान अवलंबून आहे. पंपावरच्या लिटरचा दर फलकावर लिहिलेला असतो; त्यामागचे पाणी मात्र कोणत्याच पावतीवर येत नाही.